'ढ' म्हणण्यापूर्वी

मराठी शाळांच्या वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या एक अक्षर शिवीसारखे वापरले गेले आहे. ते अक्षर म्हणजे 'ढ'. ब्राह्मी लिपीतून देवनागरी घडत असताना इतर अक्षरांची रूपे पालटली, 'ढ' मात्र जवळजवळ तसेच राहिले. म्हणून कितीही शिकवले तरी ज्याच्यात फरक पडत नाही तो 'ढ', अशी या संबोधनाची उपपत्ती सांगितली जाते. उपपत्ती खरी असो वा नसो, तिच्यामागची वृत्ती खरी आहे. मूल शिकले नाही याचा सगळा दोष ती मुलाच्याच माथी मारते. शिकवण्याची पद्धत, पाठ्यपुस्तक, वर्गाची भाषा यांची चौकशी होतच नाही. असे मूल हळूहळू मागच्या बाकावर सरकते, मग अधूनमधून गैरहजर राहू लागते आणि एके दिवशी त्याचे नाव पटावरून कमी होते. शाळा का सुटली, असे पुढे कोणी विचारले तर घरची गरिबी, स्थलांतर, धाकट्या भावंडांची जबाबदारी ही कारणे सांगितली जातात, आणि ती खोटीही नसतात. 'वाचताच येत नव्हते' हे कारण मात्र सहसा कोणी उच्चारत नाही. गरिबीपेक्षाही त्याची लाज अधिक वाटते.

इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी १८९६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, खेळात सोबत्यांच्या मागे नव्हता, अंकगणित त्याला जमत होते, दृष्टीतही दोष नव्हता. अनेक वर्षे शिकवूनही छापील शब्द वाचताना मात्र तो अडखळे. स्वतःचे नाव लिहितानासुद्धा त्याच्याकडून अक्षरांची अदलाबदल होई. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेतला सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी आवर्जून नोंदवले आहे. पर्सीचा शिक्षक त्याला मंदबुद्धी म्हणून मोकळा झाला नाही. मुलाला काय येते आणि नेमके कोठे अडते, हे त्याने वेगवेगळे पाहिले. मुलांच्या मानस-शैक्षणिक मूल्यमापनाचे सारे शास्त्र पुढे वाढले ते याच भेदावर.

'अध्ययन अक्षमता' ही संज्ञा रूढ झाली ती अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये तिचा पुरस्कार केल्यानंतर. दृष्टी, श्रवण, सर्वसाधारण बुद्धी आणि शिकण्याची संधी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखाद्या गोष्टीत मूल सातत्याने मागे पडते, तेव्हा ही संज्ञा वापरली जाते. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिसग्राफिया आणि गणनाच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. एकाच मुलात यांपैकी दोन किंवा तिन्ही अडचणी आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. भारतात १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही संख्या एकवीसवर नेली आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेला तीत स्थान दिले. महाराष्ट्राने मात्र शालेय परीक्षांतील सवलतींपुरती तिची दखल त्यापूर्वी वीस वर्षे, १९९६ मध्येच घेतली होती. २००७ साली पडद्यावर आलेल्या 'तारे जमीं पर' या चित्रपटाने हा विषय घराघरांत पोहोचवला, हेही मान्य करायला हवे. जे काम शासनाच्या परिपत्रकांना जमले नव्हते, ते एका चित्रपटाने काही आठवड्यांत केले.

मूल्यमापन म्हणजे प्रत्यक्षात काय, याविषयी मात्र पालकांच्या मनात अजूनही बराच गोंधळ आहे. डोक्याला तारा लावून यंत्रावर काढलेला एखादा आलेख, अशी काहींची कल्पना असते. काहींना ती वेड्यांच्या डॉक्टरांकडची तपासणी वाटते. वस्तुतः सारा प्रकार पुष्कळच साधा आहे. प्रथम डोळे व कान तपासले जातात. ही पायरी क्षुल्लक वाटते. पण फळ्यावरचे न दिसणाऱ्या मुलालाही वर्ग 'ढ'च म्हणत असतो, आणि त्याला केवळ चष्म्याची गरज असते. नंतर आईवडिलांशी बोलणे होते: मूल केव्हा बोलू लागले, घरात कोणती भाषा बोलली जाते, शाळा किती वेळा बदलली, वडिलांना किंवा मामाला वाचनाची अशीच अडचण होती का. शाळेच्या वह्या पाहिल्या जातात. मानसशास्त्रज्ञ मुलाला समोर बसवून बुद्धिमापन चाचणी घेतात. तीत काही प्रश्न तोंडी असतात, तर काही भागांत चित्रातली उणीव शोधणे, ठोकळ्यांनी नक्षी जुळवणे अशी हाताने करायची कामे असतात. शेवटी वाचन, श्रुतलेखन, आकलन आणि अंकगणित यांची पातळी पाहिली जाते. घाई न करता हे काम करायचे तर दोन-तीन बैठका लागतात. दमलेल्या, भुकेल्या किंवा घाबरलेल्या मुलाची एकाच दुपारी उरकलेली चाचणी त्याच्या बुद्धीपेक्षा त्याची भीतीच अधिक मोजते.

या चाचण्यांशी मराठी मुलखाचा जुना संबंध आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. तिच्या पुढील आवृत्त्यांच्या आधारे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मुंबई इलाख्यातील मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी चाचणी सिद्ध केली. पुढे नागपूरचे डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्स्लर यांच्या अमेरिकन चाचणीचे भारतीय मुलांसाठी रूपांतर केले, ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीही बुद्धिमापनासाठी मालिन यांच्या चाचणीचे नाव घेतले होते. जवळपास अर्धशतकापूर्वी ठरवलेल्या मानकांवर आजच्या मुलाला तोलणे कितपत न्याय्य, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. ज्या बिने यांच्यापासून ही परंपरा सुरू झाली, त्यांचा हेतूही विसरला गेला आहे. ज्या मुलांना वेगळ्या अध्यापनाची गरज आहे ती ओळखता यावीत, यासाठी त्यांनी श्रेणी रचली होती. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, वाढवता न येणारी वस्तू आहे, या समजुतीला त्यांचा स्पष्ट विरोध होता, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी अवधान व स्मरण यांचे व्यायामही सुचवले होते. त्यांच्या वारसदारांनी आकडा ठेवला आणि व्यायाम टाकून दिले.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. अध्ययन अक्षमतेवरील बहुतेक वाङ्‌मय इंग्रजी वाचनाच्या अनुभवातून निर्माण झाले. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते फार बेभरवशाचे आहे. देवनागरीत ते बरेच स्थिर आहे. त्यामुळे मराठी वाचणाऱ्या मुलाची अडचण वेगळ्या जागी प्रकट होते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' या जोड्यांत त्याची गल्लत होते. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर, हे त्याला उमगत नाही. एकच 'र' हा सूर्यात डोक्यावर, चक्रात पोटाशी आणि राष्ट्रात पायाशी बसतो. जोडाक्षराशी झगडणाऱ्या मुलाला ती तीन निराळी चिन्हे वाटतात. काही मुले प्रत्येक अक्षर अचूक वाचतात, परंतु इतक्या संथपणे की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरलेला असतो. केवळ चुका मोजणाऱ्या चाचणीत असे मूल उत्तीर्ण होते आणि वर्गात मागेच राहते. इंग्रजी शब्दांच्या याद्या पुढे ठेवून मराठी माध्यमातल्या मुलाविषयी निष्कर्ष काढणे हा तर शुद्ध अन्याय आहे.

अंकांच्या बाबतीतही असेच घडते. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारले जातात आणि लिहिताना दोन आधी लिहावे लागतात. त्यामुळे मूल ५२ लिहून मोकळे होते. 'एकोणचाळीस' ऐकताच त्याला चाळीस ऐकू येतात आणि ते ४९ लिहिते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन आले, तेव्हा मराठी भाषेची मोडतोड होत असल्याची ओरड झाली. त्या वादात भाषेचा कैवार पुष्कळांनी घेतला, ५२ लिहिणाऱ्या मुलाचा फार थोड्यांनी. दुसरीतल्या मुलाने अशी चूक करणे स्वाभाविक असते. पाचवीतही ती तशीच टिकली तर चौकशी हवी. हा फरक मुलाच्या भाषेत मुरलेल्या परीक्षकालाच कळू शकतो. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने अध्ययन अक्षमतेसाठी भारतीय चाचणीसंच तयार केला, आणि मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या पुढाकाराने २०१५ मध्ये 'डाली' हा डिस्लेक्सियासाठीचा संच इंग्रजीबरोबरच हिंदी, मराठी आणि कन्नड या भाषांतही सिद्ध झाला. ही पावले महत्त्वाची आहेत. पण बडोद्यात किंवा इंदुरात घरी मराठी बोलणाऱ्या आणि शाळेत दुसऱ्याच भाषेत शिकणाऱ्या मुलाचे काय? ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर दरवर्षी काही महिने गाव सोडणाऱ्या मुलाचे काय? त्याचे वाचन अडले ते मेंदूतील भाषाप्रक्रियेमुळे की शाळा बुडाल्यामुळे, हे एका बैठकीत सांगणारा तज्ज्ञ विश्वासार्ह मानता येणार नाही.

मूल्यमापनाचा सर्वांत मोठा विपर्यास मात्र प्रमाणपत्राच्या मागणीत झाला आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट अशा सवलती शासनमान्य प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला मिळतात. त्या योग्यच आहेत. ज्याला उत्तर माहीत आहे पण लिहून काढता येत नाही, त्याला लेखनिक देणे ही मेहेरबानी नसून परीक्षा खऱ्या अर्थाने ज्ञानाची व्हावी यासाठी केलेली दुरुस्ती आहे. ज्यांना चष्म्याचा कोणी हेवा करीत नाही, त्यांनी लेखनिकाचाही करू नये. परंतु व्यवहारात अनेक घरांना आणि शाळांना या प्रश्नाची आठवण होते ती नववी-दहावीत, मंडळाची परीक्षा तोंडावर आली म्हणजे. रुग्णालयात खेटे घातले जातात, कागद मिळतो, जादा वेळ मिळतो, मूल कसेबसे उत्तीर्ण होते; आणि वाचता न येण्याची मूळ अडचण जशीच्या तशी त्याच्याबरोबर पुढे जाते. तिसरीत असताना हेच मूल्यमापन झाले असते आणि त्यानंतर रोज अर्धा तास नेटाने शिकवले गेले असते, तर कदाचित लेखनिकाची गरजच उरली नसती. खासगी चाचण्यांचे शुल्क ज्यांना परवडते त्यांच्या मुलांची अडचण लवकर उजेडात येते, ज्यांना परवडत नाही त्यांची मुले नापास होतात, हे या व्यवस्थेचे दुसरे अंग आहे.

एक आक्षेप असा घेतला जातो की, चाचणीमुळे मुलावर शिक्का बसतो आणि तो जन्मभर पुसला जात नाही. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. मात्र मूल शाळेत पाऊल ठेवताच कोऱ्या पाटीसारखे राहते, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. वस्तुस्थिती निराळी आहे. आळशी, बेपर्वा, मठ्ठ हे शिक्के चाचणीच्या कितीतरी आधी बसलेले असतात, आणि त्यांवर कोणत्याही तज्ज्ञाची सही नसते. 'तू आळशी नाहीस, तुझे अडते ते येथे' एवढे जरी कोणी विश्वासाने सांगितले तरी मुलाच्या खांद्यावरचे ओझे कमी होते. मात्र शिक्षकांच्या खोलीत 'तो एलडीवाला' असा उल्लेख होऊ लागला, तर नवा शब्द जुन्या 'ढ'चेच काम करू लागतो. अशा ठिकाणी आक्षेप घेणाऱ्यांचेच म्हणणे खरे ठरते.

याहून कठीण प्रसंग त्या मुलांचा आहे, जी कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी बुद्ध्यंकाची रेषा ८५ ला ओढली होती. ७० च्या खाली बौद्धिक दिव्यांगत्वाचा विचार होतो. मधल्या पंधरा गुणांच्या पट्ट्यात, चाचण्यांच्या रचनेनुसारच, दर शंभर मुलांपैकी तेरा-चौदा मुले येतात. त्यांना बोलीभाषेत 'सावकाश शिकणारी' म्हणतात. त्यांच्यासाठी प्रमाणपत्र नाही आणि सवलतही नाही. ८६ बुद्ध्यंकाच्या मुलाला मदत आणि ८४ च्या मुलाला उपदेश, ही विभागणी मोजपट्टीला शोभेल, शाळेला नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत बुद्ध्यंक आणि शालेय संपादन यांतील तफावतीची अट काढून टाकली. अडचणीवर लक्ष केंद्रित करून मदत दिल्यानंतरही ती किमान सहा महिने टिकून राहते का, हे पाहण्यावर तिने भर दिला. या बदलाचा अर्थ सरळ आहे: आधी शिकवून पाहा, मग नाव द्या. त्यासाठी कोणत्याही शाळेला वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. जोडाक्षरांना अडणाऱ्या चार मुलांना वेगळे बसवून, शब्द तोडून, ध्वनी ऐकवून, वाळूत बोट फिरवून शिकवायला प्रमाणपत्र लागत नाही.

मूल्यमापनाची खरी कसोटी त्याच्या अहवालात दिसते. आज मिळणारे अनेक अहवाल इंग्रजीत असतात. भाजी विकणाऱ्या आईच्या हाती सहा पानांचा इंग्रजी कागद पडतो; त्यात आकड्यांचे तक्ते असतात, निदानाचा एक जड शब्द असतो आणि शेवटी 'उपचारात्मक अध्यापनाची शिफारस' एवढी एक ओळ असते. ती आई तो कागद शिक्षकाला देते, शिक्षक तो मुख्याध्यापकांकडे देतात आणि मुख्याध्यापक कपाटात ठेवतात. उपयोगी अहवाल वेगळा असतो. मूल साधे शब्द वाचते, परंतु रफार आला की थांबते. ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगते, लिहिताना मात्र दोन ओळींत संपवते. हातच्याची बेरीज मण्यांवर करते, कागदावर चुकते. सबब पहिले तीन महिने अमुक शिकवावे आणि नंतर पुन्हा पाहावे, असे त्यात पालकाला समजणाऱ्या भाषेत लिहिलेले असते. मुलाला काय उत्तम येते हेही त्यात असते, कारण शिकवण्याची वाट तेथूनच काढावी लागते. असा अहवाल लिहायला वेळ लागतो आणि तो वाचून काम करणारा विशेष शिक्षक शाळेत असावा लागतो. चाचण्या घेणारी केंद्रे वाढली, त्या मानाने असे शिक्षक वाढले नाहीत. खर्च कोठे व्हायला हवा, हे यावरून स्पष्ट आहे.

जी मुले ही सारी व्यवस्था उभी राहण्यापूर्वीच शाळेबाहेर पडली, ती आज प्रौढ आहेत. त्यांच्यापैकी काही मुक्त विद्यालयाच्या मार्गाने पुन्हा परीक्षेला बसतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे चालतो, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय पूर्ण करता येतो. संथ वाचणाऱ्याला ही रचना नेहमीच्या शाळेपेक्षा कितीतरी मानवते. पण ज्यांना अध्ययन अक्षमतेची शंका येते, त्यांच्यासाठी साधने तोकडी आहेत. निम्हान्सच्या संचाची दुसरी पातळी बाराव्या वर्षापर्यंतची आहे, मालिन यांची चाचणी पंधराव्या वर्षाच्या आसपास संपते. दुकानाचा हिशेब तोंडी चोख ठेवणारा, यंत्र आवाजावरून ओळखून दुरुस्त करणारा, परंतु अर्ज भरताना हाताला जखम झाल्याचे सांगून दुसऱ्याकडून लिहून घेणारा तिशीतला माणूस कोणत्या चाचणीला बसणार? जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीशी तो उभा राहिलाच, तर 'आता एवढ्या वयात कशाला?' असा प्रश्न त्याला ऐकावा लागण्याची शक्यता अधिक. २०१६ च्या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेची जी व्याख्या केली आहे, तीत वयाचा उल्लेख कोठेही नाही.